साहेबाचा जाच : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

नोकरीतला जाच सोसायचा असतो, फार तर घरी येऊन बायकोला किंवा मित्राला सांगायचा असतो, अशी आपली समजूत आहे. तो शिस्तीने अभ्यासण्याचाही विषय आहे हे आपल्याकडे अजून रुजलेले नाही. संप, टाळेबंदी, वेतनाचे लढे यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आणि त्या इतिहासाचा अभिमान वाटावा असाच तो आहे. पण एक माणूस रोज कामावर जातो, दुसरा माणूस केवळ पदाने वर असल्यामुळे त्याचा चारचौघांत पाणउतारा करतो आणि पहिला मान खाली घालून ऐकून घेतो. या साध्या घटनेची कारणे कोणती आणि तिचे परिणाम कुठवर पोचतात, याविषयी मराठी वाचकाच्या हाती ठेवण्यासारखे थोडेच आहे. ही प्रस्तावना त्याला या अभ्यासाच्या दारापर्यंत आणून सोडण्यासाठी लिहिली आहे. आत यायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने कधी कोणाच्या हाताखाली काम केले आहे, त्याच्याजवळ बरीचशी सामग्री आधीच जमा आहे.

मी हे छाणीत बसून लिहितो आहे. बडोद्याच्या उत्तरेला, अहमदाबादच्या वाटेवरचे हे जुने गाव आता शहरातच जमा झाले आहे. आसपास खतांचा मोठा कारखाना, कोयलीची रिफायनरी, पेट्रोकेमिकलचे संकुल आणि नंदेसरीची औद्योगिक वसाहत. पाळी सुटली की रस्त्यावर गुजराती, मराठी, हिंदी बोलणारी माणसे एकत्र दिसतात. त्यांत कायम नोकरीवाले असतात आणि ठेकेदाराकडचेही असतात. चहाच्या टपरीवर भाषा कोणतीही असो, गाऱ्हाणे एकच ऐकू येते : काम कितीही सांगा, करतो; पण जे बोलतात ते सहन होत नाही. या एका वाक्यात या विषयाचे मर्म आहे, असे मी मानतो. बोलणारा श्रमाबद्दल तक्रार करत नाही. श्रम घेताना आपले माणूसपण नाकारले जाते, असे तो सांगत असतो.

या विषयातली आपली एक मोलाची नोंद बडोद्याचीच आहे, आणि ती १९१७ ची आहे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले, आणि मुदत संपल्यावर करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये इथे आले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची उमेदवारीवर नेमणूक झाली. धनंजय कीर यांनी चरित्रात त्या कचेरीचे वर्णन केले आहे. शिपाई कागदपत्रे लांबूनच त्यांच्या टेबलावर फेकत. ते जायला उठले की अंथरलेल्या चटया गुंडाळल्या जात. कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे. शहरात बिऱ्हाड मिळेना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेले. दोन मित्रांना त्यांनी विचारून पाहिले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. ही हकिगत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे. त्या बागेला आज आपण सयाजीबाग म्हणतो, आणि या प्रसंगाची आठवण म्हणून २३ सप्टेंबर हा दिवस संकल्प दिन म्हणून पाळला जातो.

अस्पृश्यतेच्या इतिहासातला प्रसंग म्हणून आपण हे वाचतो आणि तसे वाचलेच पाहिजे. पण हे सारे एका कचेरीत, कामाच्या वेळेत, नेमणुकीचा कागद हातात असलेल्या माणसाच्या बाबतीत घडले, याकडेही लक्ष द्यावे. कागद फेकणारे शिपाई पदाने खाली होते. कचेरीच्या तक्त्यावर एक उतरंड असते आणि समाजात दुसरी. ज्या कचेरीत दुसरी उतरंड पहिलीला गिळून टाकते, तिथे पद कोणाचे रक्षण करत नाही. जाच नेहमी वरून खालीच येतो ही आपली पहिली समजूत इथे मोडते. नेमणुकीचा कागद काहीही म्हणो, जाचाची खरी दिशा सत्ताच ठरवते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्यांच्या नोकरीत हे झाले ते सयाजीराव भीमरावांचे हितचिंतक होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा, अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारा असा संस्थानिक त्या काळात विरळा. कीर सांगतात की भीमरावांनी महाराजांना लिहिले, ते दिवाणांकडे पाठवले गेले आणि दिवाणांनी आपला नाइलाज कळवला. सर्वांत वर बसलेला माणूस भला आहे, हेतू चांगले आहेत, आणि तरीही दोन जिने खाली एका माणसाला पाणी मिळत नाही. ‘आमचे शेठ देवमाणूस आहेत’ हे वाक्य इथल्या कारखान्यांत मी पुष्कळदा ऐकतो आणि ते बहुधा खरेही असते. पण शेठच्या देवपणाने फोरमनची जीभ आवरली जात नाही. तक्रार जिथून निघाली तिथपासून जिथे तिचा निवाडा होईल तिथपर्यंत जाणारी वाट आहे की नाही, हा प्रश्न मालकाच्या स्वभावापेक्षा मोठा आहे. या प्रस्तावनेत मला जे सांगायचे आहे ते हेच : माणूस वाईट होता म्हणून जाच झाला, एवढ्यावर अभ्यास थांबवू नये. त्या माणसाच्या हाती काय दिले होते आणि त्याला विचारणारे कोण होते, इथून तो सुरू करावा.

जगात या अभ्यासाला नाव मिळून फार काळ झालेला नाही. १९७६ साली अमेरिकेत कॅरल ब्रॉडस्की या मनोविकारतज्ज्ञाने छळल्या गेलेल्या कामगारांवर पुस्तक लिहिले, त्याकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी सहकाऱ्यांच्या टोळीने एकाला घेरण्याच्या प्रकाराला ‘मॉबिंग’ म्हटले आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. १९९३ मध्ये स्वीडनने कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियमच केले. इंग्लंडमध्ये अँड्रिया अॅडम्स या पत्रकार बाईंनी बीबीसी रेडिओवरून हा विषय लोकांपर्यंत नेला. मग २००० साली बेनेट टेपर या अमेरिकी अभ्यासकाने खास वरिष्ठांच्या जाचावर निबंध लिहिला. आज या शाखेत जे संशोधन होते त्यातले बहुतेक त्याच निबंधाच्या खांद्यावर उभे आहे.

टेपर यांची व्याख्या नीट पाहण्यासारखी आहे. वरिष्ठ आपल्याशी शब्दांनी किंवा वागण्यातून सतत वैरभावाने वागतो असे हाताखालच्या माणसाला जाणवणे, मात्र त्यात अंगाला हात लावणे धरलेले नाही. एकदाच कोणी रागावले तर ते या व्याख्येत बसत नाही. मारहाणही वगळली आहे. आणि मोजायचे ते खालच्या माणसाचे जाणवणे. टेपर यांनी १५ विधानांची एक मोजपट्टी केली : साहेब चारचौघांत कमी लेखतो, अबोला धरतो, जुन्या चुका उगाळतो, कष्टाचे श्रेय देत नाही, स्वतःची लाज वाचवण्यासाठी दोष माझ्यावर ढकलतो, शब्द देऊन मोडतो, दुसरीकडचा राग माझ्यावर काढतो. ही यादी वाचताना छाणीतल्या वाचकाला अमेरिका फार दूर वाटणार नाही.

इथे एक शंका हटकून येते आणि ती रास्त आहे. मग कडक साहेब म्हणजे जुलमी साहेब का? मुळीच नाही. आम्ल भरलेल्या टाकीजवळ चष्म्याशिवाय उभ्या असलेल्या पोराला जो फोरमन ओरडून मागे खेचतो, तो त्याचे कल्याणच करतो. कडक माणसाचे बोलणे कामाबद्दल असते आणि काम सुधारले की संपते. त्याचा नियम लाडक्याला आणि नावडत्याला सारखा असतो. आणि त्याला उलट उत्तर देता येते, निदान दुसऱ्या दिवशी तरी. जाच करणाऱ्याचे बोलणे कामापासून सुरू होते आणि माणसाच्या अकलेवर, जातीवर, गावावर, बाईपणावर, घरच्या संस्कारांवर जाऊन पोचते. ही सीमारेषा प्रत्येक वेळी स्वच्छ नसते हे कबूल. पण जी माणसे तिच्या दोन्ही बाजूंना काम करून आलेली असतात, त्यांना ती ओळखायला वेळ लागत नाही.

आता कारणांकडे येतो, आणि इथे थोडे रेंगाळणार आहे.

साहेब असा का वागतो? टेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या नॅशनल गार्डमधल्या वरिष्ठांचा आणि त्यांच्या हाताखालच्यांचा अभ्यास केला. ज्या वरिष्ठांना आपल्यालाच संस्थेत न्याय्य वागणूक मिळत नाही असे वाटत होते, त्यांच्यात खिन्नता अधिक होती आणि तीच पुढे खालच्यांवर जाचाच्या रूपाने उतरत होती. तीही सर्वांवर सारखी उतरत नव्हती. जी माणसे आधीच चिंतातुर, स्वतःवर अविश्वास असलेली, त्यांच्यावर अधिक उतरत होती. म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर निघते, आणि वांगेही दुबळे पाहून निवडले जाते. या निष्कर्षातून जुलमी साहेबाला माफी मिळत नाही, पण त्याच्याही वर बघायला आपण शिकतो.

दुसरा एक निष्कर्ष आपल्या समाजाला जास्त लागू आहे. २०१२ साली लियान, फेरिस आणि ब्राउन या अभ्यासकांनी असे दाखवले, की ज्यांना वरच्या-खालच्यातले अंतर स्वाभाविक वाटते अशा माणसांना वरिष्ठाचे वाईट वागणे इतरांइतके अन्यायाचे वाटत नाही. साहेब आहेत, बोलणारच, असे ती म्हणतात. पण हीच माणसे पुढे सहकाऱ्यांशी तसेच वागण्याची शक्यता अधिक असते, कारण वरिष्ठाचे वागणे त्यांच्यासाठी नमुना बनलेले असते. जाच सोसलेली सून पुढे जाच करणारी सासू होते हे आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. कारखान्यात हीच गोष्ट बढतीच्या रूपाने घडते. आज्ञाधारकपणाला आपण जो सद्गुण मानतो, त्याची ही किंमत आहे आणि ती आपण मोजायला हवी असे मला फार तीव्रतेने वाटते.

पण माणसांच्या स्वभावापेक्षा खुर्चीचा अभ्यास अधिक फळ देतो. मुंबईच्या कापड गिरण्यांतला जॉबर आठवा. कामगार भरती तो करी, आज बदलीवाल्याला आत घ्यायचे की फाटकातून परत पाठवायचे हे तो ठरवी, कामावर लावण्यासाठी पैसे घेई, आणि पुष्कळदा खोली आणि उधारीही त्याच्याच ओळखीने मिळे. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की जॉबर सर्वशक्तिमान नव्हता, कामगारांना पार दुखावून त्याचे चालत नसे. हे ध्यानात ठेवूनही एवढे खरे की एका माणसाच्या हाती दुसऱ्याची भाकरी, निवारा आणि पत एकत्र आली की शिवी, लाच आणि मागणी तिथे आपोआप येतात. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात सुचवलेला उपाय मला आजही शहाणपणाचा वाटतो. जॉबरला सभ्यतेचे धडे देण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. भरती आणि बडतर्फी त्याच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावा, असे त्यांनी सांगितले. आज औद्योगिक वसाहतींत ठेकेदाराचा सुपरवायझर गेटपास देतो, हजेरी लावतो, पगार वाटतो आणि परगावच्या मुलांची खोलीही बघतो. जॉबर हे पद गेले; त्याच्या हातातल्या किल्ल्या कोणाकडे गेल्या, हे शोधणे आपल्या अभ्यासकांचे काम आहे.

संस्थेच्या जबाबदारीचा विचार करायला छाणीनेच मला एक जुने साधन दिले. जैन साधुसाध्वींची मोठी परंपरा या गावाला आहे. जैन विचारात हिंसा मनाने, वाणीने आणि शरीराने होते, आणि प्रत्येक प्रकारात ती स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे अशा तीन वाटांनी होते. वाणीची हिंसा ही हिंसाच, हे इथे शेकडो वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे. आणि करणारा, करवणारा, अनुमोदन देणारा हे तीन वेगळे पाहण्याची दृष्टी आजच्या संशोधनालाही उपयोगी पडावी अशी आहे. शिवी देणारा सुपरवायझर हा करणारा. अशक्य टार्गेट देऊन ‘कसेही करून’ माल काढायला सांगणारा व्यवस्थापक हा करवणारा. आणि हे सर्व माहीत असून ‘पण काम चोख काढतो’ म्हणून त्याच सुपरवायझरला बढती देणारे, तक्रारीचा अर्ज कपाटात ठेवणारे, शेजारी बसून हसणारे हे अनुमोदन देणारे.

फ्रान्सच्या न्यायालयाने करवणाऱ्याला पकडले. तिथल्या फ्रान्स टेलिकॉम या कंपनीने २००६ ते २००८ या काळात २२,००० माणसे कमी करायचे ठरवले. कायम नोकऱ्या असल्यामुळे काढता येईना, तेव्हा माणसे आपण होऊन जावीत यासाठी बदल्या, पदावनती आणि सततच्या फेरबदलांचा दबाव आणला गेला. न्यायालयापुढे ३९ जणांची प्रकरणे होती. त्यांतल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. २० डिसेंबर २०१९ ला पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखासह वरिष्ठ अधिकाऱ्यांना छळासाठी दोषी ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कायम ठेवले. मृतांपैकी बहुतेकांना या प्रमुखांनी पाहिलेही नसेल. धोरणानेही छळ होऊ शकतो हे त्या निकालाने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले.

आपल्याकडे हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने प्रिमिला डिक्रूझ आणि अर्नेस्टो नोरोन्हा यांनी दाखवली. दोघेही अहमदाबादच्या आयआयएमचे, म्हणजे छाणीहून दोन तासांच्या वाटेवरचे. मुंबई आणि बंगळुरूच्या कॉल सेंटरमधल्या तरुणांशी ते सविस्तर बोलले. मिनिटामिनिटाची देखरेख, स्वच्छतागृहात जाण्यावर बंधने, चुकल्यास सर्वांसमोर अपमान, हे सगळे त्या मुलामुलींनी सांगितले. पण आपण ‘प्रोफेशनल’ आहोत, कामगार नव्हे, या कल्पनेपायी त्याला छळ म्हणायला ती तयार नव्हती. व्यक्तीच्या द्वेषातून न येता संस्थेच्या कामकाजातूनच येणाऱ्या या जाचाला डिक्रूझ यांनी व्यक्तिनिरपेक्ष छळ अशा अर्थाचे नाव दिले. या विषयाला भारतातून मिळालेली ही महत्त्वाची भर आहे, आणि मराठी वाचकाने पहिल्यांदा वाचावे असे काही असेल तर ते हे.

परिणामांबद्दल लिहिताना हात जड होतो. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत काम करणारी २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी रुजू झाल्यावर चार महिन्यांत मरण पावली. कामाच्या ओझ्याने आणि दिवसरात्र येणाऱ्या मागण्यांनी मुलगी खचली, असे तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्राने कळवले आणि ते पत्र देशभर वाचले गेले. एका मृत्यूचे कारण बाहेरून ठरवणे अभ्यासकाला शोभत नाही. पण त्या पत्रानंतर किती घरांत ‘आमच्याकडेही असेच’ असे बोलले गेले, ते आपण सर्वांनी ऐकले.

शरीरावरच्या परिणामांचा सबळ पुरावा स्वीडनमधून आला. स्टॉकहोम परिसरातल्या ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांचा सुमारे दहा वर्षे माग ठेवून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी आपल्या वरिष्ठाच्या वागणुकीला चांगले गुण दिले होते त्यांच्यात हृदयविकाराचे गंभीर प्रसंग कमी आढळले. आणि माणूस त्याच कामाच्या ठिकाणी जितकी अधिक वर्षे होता तितका हा संबंध घट्ट होता. साहेबाच्या वागण्याचा हिशेब काळजापर्यंत लागतो, ही आपल्याकडे बोलण्याची रीत आहे. तिथे तो रुग्णालयाच्या नोंदींतून लागला. घरापर्यंतही तो लागतो. हूब्लर आणि ब्रास यांनी २००६ मध्ये जाच सोसणाऱ्यांच्या घरच्यांनाच प्रश्न विचारले, तेव्हा कामावरचा अपमान घरी चिडचिड आणि टोमणे होऊन पोचतो असे दिसले. त्या घरच्यांनी साहेबाचे तोंडही पाहिलेले नसते.

आणि टेपर यांच्या मूळ निबंधातला एक निष्कर्ष मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो : ज्याला दुसरी नोकरी मिळण्यासारखी नाही, त्याच्यावर जाचाचे परिणाम अधिक खोल होतात. भीमराव आंबेडकर मुंबईच्या गाडीत बसू शकले. ज्याच्यावर घराचे हप्ते आहेत, जो ठेकेदाराची उचल घेऊन परराज्यातून आला आहे, जिच्या वयाला आता कोणी नोकरी देणार नाही, त्यांना गाडीच नसते.

मालकांना आणि व्यवस्थापकांना या विषयात आणायचे असेल तर मौनाचा मुद्दा सांगावा. इस्रायलमध्ये २०१५ साली नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर एक प्रयोग झाला. आजारी बाळाचा बनावट प्रसंग उभा केला आणि काही पथकांना एका बाहेरच्या तज्ज्ञाकडून त्यांच्या कामगिरीशी संबंध नसलेले दोन-चार तुच्छतेचे शब्द ऐकवले. त्या पथकांचे निदान आणि उपचार दोन्ही घसरले. मदत मागणे, एकमेकांना माहिती देणे कमी झाले. आमच्या या रासायनिक पट्ट्यात याचा अर्थ फार गंभीर आहे. व्हॉल्व्ह गळतो आहे, दाब नेहमीपेक्षा जास्त दिसतो आहे, हे सर्वांत आधी खालच्या ऑपरेटरला कळते. मागच्या वेळी सांगायला गेला तेव्हा ज्याचा अपमान झाला, तो यावेळी पाळी संपायची वाट पाहील. गप्प बसलेली माणसे हा कारखान्यातला धोका आहे, आणि कोणत्याही मीटरवर तो दिसत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. लैंगिक छळाविरुद्ध १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आहे; दलित-आदिवासींच्या जातीवरून होणाऱ्या अपमानाविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. यांखेरीजच्या रोजच्या जाचासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. जपानने असा कायदा २०१९ मध्ये केला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्धचा करार क्रमांक १९० संमत केला, ज्याला भारताने मान्यता दिलेली नाही. मात्र आपल्या जुन्या कायद्यात एक छोटी खिडकी होती : १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याच्या परिशिष्टात, मालक किंवा त्याच्या माणसांकडून होणाऱ्या अन्याय्य वागणुकीविरुद्ध दाद मागण्याची सोय प्रत्येक आस्थापनेने नियमांत लिहावी, असे कलम होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक लहान कारखान्यांत इतकी माणसे नसतात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी आणलेला कल्याण अधिकारीही मालकाच्याच पगारावर असतो. चांगल्या अधिकाऱ्यांनी त्या जागेवरून पुष्कळ केले आहे, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच माणसाकडे ती नेण्याची ही रचना मुळातच सदोष आहे, असे माझे मत आहे.

या शाखेच्या उणिवाही नव्या वाचकाला आधीच सांगायला हव्यात. यातले बहुतेक संशोधन प्रश्नावल्यांवर चालते, आणि पुष्कळदा जाचाबद्दल आणि त्याच्या परिणामाबद्दल एकच माणूस एकाच बैठकीत उत्तरे देतो. त्या दिवशी तो खिन्न असेल तर दोन्ही उत्तरे काळी होतात. कारण आधी की परिणाम आधी, हे त्यातून सुटत नाही. प्रश्नावल्या भरणारे बहुधा कचेरीत बसणारे आणि वाचता येणारे असतात. सफाई करणारी बाई, ठेकेदाराचा हेल्पर, घरकामाला जाणारी मावशी त्यात येत नाहीत. जात तर त्या १५ विधानांत कुठेच नाही. १९१७ ची कचेरी त्या मोजपट्टीवर मोजायला गेलो तर मुख्य गोष्टच निसटेल.

ही उणीव भरून काढण्याचे काम मराठी वाचकांकडे येते. आपल्या घरांत गिरणीत, रेल्वेत, पोस्टात, संस्थानच्या कचेरीत, रिफायनरीत आयुष्य काढलेली माणसे अजून आहेत. त्यांनी संपाच्या गोष्टी सांगितल्या आहेत, साहेबाच्या सांगितलेल्या नाहीत, कारण कोणी विचारल्या नाहीत. त्या विचारा. साल कोणते, खाते कोणते, काय बोलले गेले, कोण शेजारी उभे होते, तक्रार कुठे केली आणि तिचे पुढे काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. व्यक्तींची नावे वगळा, पण पद आणि अधिकार वगळू नका. आणि तुम्ही स्वतः आज कोणाच्या हाताखाली असाल तर तारीख घालून स्वतःचेही लिहून ठेवा, कोणाच्या वर असाल तर तुमच्या खात्यातली तक्रार तुम्हाला टाळून वर जाऊ शकते का, ते उद्याच तपासून पाहा.